पांढरीची राखण

सेलूहून कुठल्याही दिशेला निघा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं लागतात. पावसाळ्यात सोयाबीन, तूर आणि कापूस. थंडीत ज्वारी आणि हरभरा. दुधनेच्या खोऱ्यातली ही जमीन बरीचशी सपाट आहे. तरी जुनं गाव आलं की वाट थोडी चढते. बैलगाडीत बसणाऱ्याला तो चढ कळायचा, मोटारसायकलवरून जाणाऱ्याला कळत नाही. वेशीजवळ मारुती, त्याच्यामागे चढत गेलेली जुनी घरं आणि सगळ्यात वर गढीचा ढासळलेला बुरूज. सपाट रानात नेमकं गावाखालीच टेकाड कुठून आलं?

ते गावानंच तयार केलं आहे. मातीचं घर पडलं की त्याचा ढिगारा कुणी लांब नेऊन टाकत नाही. तो तिथंच पसरवायचा, चोपायचा आणि त्यावर नवं घर बांधायचं. चुलीची राख, शेणाचा सडा, जनावरांची हाडं, फुटलेली मडकी आणि विरघळलेल्या भिंती एकावर एक साचत जातात. एका पिढीत पायरीभर फरक पडत असेल. शंभर पिढ्यांत टेकाड उभं राहतं. राख आणि चुन्याच्या अंशामुळे या मातीचा रंग फिका पडतो. म्हणून आपल्याकडे पिकाच्या जमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जमिनीला ‘पांढरी’ म्हणतात. जुन्या कागदांत ‘समस्त पांढरी’ असं आलं की त्याचा अर्थ सगळं गाव. मातीच्या रंगाचं नाव माणसांना मिळालं, कारण ती माती माणसांनीच केलेली होती.

पुरातत्त्वाचा अभ्यासक गावात आला की आधी हीच माती शोधतो. नाल्याच्या कडेला किंवा ट्रॅक्टरनं कापलेल्या बाजूला पांढरीचा उभा काप दिसला, तर तो तिथं थांबतो. कारण कापात थर दिसतात. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. मध्येच काळसर पट्टा दिसला तर ती एखाद्या घराची जळालेली जमीन असते, तांबूस ठिपका दिसला तर चूल. गावाचा इतिहास लिहायला बखर नसेल, ताम्रपट नसेल, पण पांढरी असते. या प्रकरणात आपण परभणी जिल्ह्यातल्या अशा जुन्या जागा बघू. त्यांचं संरक्षण म्हणजे नेमकं काय, ते कायद्यानं कसं होतं आणि कायदा संपतो तिथून पुढे कोण करतं, हेही पाहू.

मूठभर खापरं

पावसाची पहिली सर येऊन गेली की पांढरीवर चालून बघा. वरची धूळ धुऊन जाते आणि खापरं उघडी पडतात. बहुतेक खापरं गेल्या शंभर-दोनशे वर्षांतली असतात. पण एखादं वेगळं निघतं. आतून काळं, बाहेरून तांबडं, काठ काळा आणि पृष्ठभाग गुळगुळीत. हा रंग कुंभारानं दिलेला नाही, आव्यातल्या हवेनं दिला आहे. भांडं उलटं ठेवून भाजलं की त्याच्या पोटात आणि काठापाशी हवा पोहोचत नाही, तिथं ते काळं राहतं. बाहेरून हवा लागते, तिथं ते तांबडं होतं. अशी काळी-तांबडी भांडी महाराष्ट्रात सातवाहनकाळापर्यंत, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपर्यंत, वापरात होती. एवढ्याशा खापरावरून पांढरीचा तो थर कोणत्या काळातला असावा, याचा पहिला अंदाज बांधता येतो.

खापराच्या जोडीला काय सापडतं? शंखाच्या बांगडीचा तुकडा. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे, म्हणजे शंख व्यापारातून आला. लालसर अकीक दगडाचा किंवा काचेचा मणी. आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांबीची, चपटी, जड वीट. शिशाचं ओबडधोबड नाणं. गोदावरीच्या खोऱ्यात पैठण ही सातवाहनांची राजधानी होती. आजच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी नातं सांगणारी दुसरी हस्तिदंती मूर्ती थेट इटलीतल्या पाँपेई शहरात, ज्वालामुखीच्या राखेखाली सापडली आहे. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर, परदेशी प्रवाशांच्या लिखाणात नावानिशी येतं. त्या जगाला जोडणाऱ्या वाटा याच काळ्या रानांतून जात होत्या.

आता एक दुखरी गोष्ट. मराठवाड्यात घरांना माळवद असायचं. लाकडी सरे, त्यावर काड्या आणि पाला, त्यावर मातीचा जाड थर. पाऊस लागण्याआधी दरवर्षी माळवदावर नवी माती टाकायची, कारण ती चोपून बसली की पाणी मुरू देत नाही. ही माती पांढरीतून आणायची. पिकालाही ती चांगली मानवते, म्हणून गाड्या भरभरून शेतात गेली. हे लुटीच्या भावनेनं कुणी केलं नाही. पिढ्यान् पिढ्या लोकांनी पूर्वजांच्या घरांची माती आपल्या घरावर टाकली, एवढंच. पण आधी ते फावड्यानं आणि टोपल्यानं चालायचं. आता जेसीबी येतो आणि दोन हजार वर्षांचे थर दोन दिवसांत उचलून नेतो. फावडं लागलं की मडकं वाजायचं आणि माणूस थांबून बघायचा. जेसीबीला थांबता येत नाही.

पाण्यापर्यंत उतरणारी वाट

पांढरी वाचायला नजर तयार करावी लागते. बारव मात्र पाहताक्षणी माणसाला थांबवते, आणि परभणी जिल्हा बारवांच्या बाबतीत फार श्रीमंत आहे. सेलू तालुक्यातलं वालूर, हातनूर. परभणी तालुक्यातलं पिंगळी, आर्वी. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा. या नावांची यादी अजून लांबेल.

इथं इतक्या बारवा का, याचं उत्तर जमिनीत आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली फुटके आणि मग अखंड काळे पाषाण. पावसाचं पाणी मुरमात आणि दगडाच्या भेगांत साठतं. पावसाळ्यात ते वर येतं, उन्हाळ्यात खोल जातं. आडातून पाणी शेंदायचं तर दोर लांब करत जावा लागतो. बारवेत पायऱ्या असतात, त्यामुळे पाणी जसजसं खाली जाईल तसं माणूस दोन पायऱ्या अधिक उतरतो. घागर बुडवायला दोर नको, रहाट नको. वाटसरू, बाया, लेकरं, सगळे पाण्यापर्यंत स्वतःच्या पायांनी पोहोचतात.

जुन्या वास्तुग्रंथांनी बारवांना प्रवेशांवरून नावं दिली आहेत. एका बाजूनं उतरता येत असेल तर नंदा, दोन बाजूंनी तर भद्रा, तीन बाजूंनी जया आणि चारही बाजूंनी विजया. मराठवाड्यातल्या अनेक बारवा चौकोनी असतात. वरून खाली प्रत्येक टप्पा आत सरकत जातो, जसं उलटं ठेवलेलं देवळाचं शिखर. भिंतीत देवकोष्ठं असतात. त्यांतल्या मूर्ती बहुतेक ठिकाणी गेल्या आहेत, तरी कोनाड्याची बारीक कोरीव चौकट शिल्लक दिसते.

वालूरची बारव या सगळ्यांत निराळी आहे. ती गोल आहे आणि तिच्या पायऱ्या भिंतीच्या कडेनं वळत वळत चक्रासारख्या खाली उतरतात. वरून बघितलं तर शंखात डोकावल्यासारखं वाटतं. गोल विहिरीची भिंत स्वतःच कमानीचं काम करते. चारही बाजूंनी माती आत ढकलते, तेव्हा दगड एकमेकांवर घट्ट दाबले जातात. पायरीचा दगड त्या भिंतीत रुतलेला असतो, म्हणून तो माणसाचं वजन पेलतो आणि भिंतीला बांधूनही ठेवतो. हे कुठल्या शाळेत शिकलेल्या अभियंत्याचं काम नाही. माती कशी ढकलते हे हातांनी ओळखणाऱ्या पाथरवटाचं काम आहे. ही बारव गाळानं भरून गेली होती. गावकऱ्यांनी श्रमदानातून तो गाळ उपसला, तेव्हा पायऱ्यांचं पूर्ण वळण पुन्हा दिसलं.

गाळ का साचला, हेही समजून घ्यायला हवं. बारव वापरात असते तोवर दरवर्षी उन्हाळ्यात ती उपसली जाते, कारण पाणी त्याच गावाला प्यायचं असतं. नळ आले, बोअर आले आणि पायऱ्या उतरायची गरज संपली. गरज संपल्यावर उपसणं थांबलं. मग पाला, माती, पूजेचं निर्माल्य आणि शेवटी कचरा. बारव कुणी पाडली नाही, तिचा वापर सुटला. जुन्या वास्तू जाण्याचं हे फार मोठं कारण आहे. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रभर गावोगावच्या तरुणांनी बारवांची मोजणी आणि साफसफाई सुरू केली, महाशिवरात्रीला त्यांच्या पायऱ्यांवर दिवे लावायला सुरुवात केली. त्या दिव्यांचा उपयोग शोभेपुरता नाही. त्या निमित्तानं वर्षातून एकदा तरी सगळं गाव बारवेत उतरतं आणि कुठला दगड हलला आहे ते बघतं.

उकंडेश्वर

जिंतूरहून मंठ्याकडे जाताना चारठाणा लागतं. गावात यादवकाळाच्या आसपासची देवळं आणि कोरीव अवशेष इतके आहेत की गावाचं जुनं नाव चारुक्षेत्र होतं, असं लोक अभिमानानं सांगतात. 360 देवळं आणि 360 बारवा होत्या, अशी परंपरेची सांगी आहे. आकडा शब्दशः घ्यायचा नसतो. ‘वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक’ असा त्याचा भाव. गावात उभा असलेला कोरीव दगडी स्तंभ कुणाला दीपमाळ वाटतो, कुणाला जैन मानस्तंभ. याच तालुक्यात नेमगिरीच्या डोंगरातली जैन गुंफामंदिरं आहेत, त्यामुळे दोन्ही परंपरा इथं शेजारी नांदल्या हे उघड आहे.

चारठाण्याच्या देवळांची नावं ऐकण्यासारखी आहेत. गोकुळेश्वर, नृसिंहतीर्थ, खुराची आई आणि उकंडेश्वर. आपल्याकडे उकंडा म्हणजे उकिरडा. एका देखण्या महादेवाच्या मंदिराला हे नाव चिकटलं, यातच त्याच्यावरून किती काळ गेला ते समजतं. दगड ढिगाऱ्यात गेला, पण लोकांनी त्यालाही देव म्हणणं सोडलं नाही. चारठाण्यातल्या काही वास्तू आज राज्य संरक्षित आहेत. गंगाखेड तालुक्यात गोदावरीकाठी धारासूरचं गुप्तेश्वर मंदिरही असंच राज्य संरक्षित. त्याच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी बघायला लांबून लोक येतात.

या देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकातला. पण ही बांधणी त्याच्या आधीपासून चालत आलेली आहे. तिचं मर्म दगडांच्या जोडात आहे. चुना नाही, गारा नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला खुंटी, आणि वरचं वजन दोघांना जागेवर धरून ठेवतं. अशी वास्तू वजनावर उभी असते. त्यामुळे एक दगड काढला तर तो एक दगडच जात नाही, त्याच्यावरचं सगळं सैल होतं.

आता या बांधणीचे शत्रू बघा. पहिला शत्रू पायाखालची काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हातभर खोल भेगा पडतात. शेकडो वर्षं ही उघडझाप चालली की पाया एका बाजूला खचतो आणि भिंत फाकते. दुसरा शत्रू पिंपळ. पाखराच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, केसासारखं मूळ आत जातं आणि मनगटाएवढं होऊन दगड बाहेर ढकलतं. रोप बोटभर असताना उपटलं तर दोन मिनिटांचं काम. मोठं झालं की झाड काढलं तरी भिंत पडते आणि ठेवलं तरी पडते.

तिसरा शत्रू आपलं प्रेम. देवळाला सिमेंट लावलं की ते पक्कं झालं, असं आपल्याला वाटतं. पण दगडात ओल असते आणि ती बाहेर पडायला वाट लागते. सिमेंट ती वाट बुजवतं. ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. ऑइलपेंटचंही तसंच. रंगाच्या तिसऱ्या हातानंतर सुरसुंदरीच्या बोटांमधली फट बुजते, पैंजणाची घुंगरं एक होतात. पाथरवटानं महिनाभर बसून जे उकरलं, ते आपण एका दुपारी भरून टाकतो. श्रद्धा खरी असते, म्हणूनच हे सांगताना रागावून चालत नाही, दाखवून द्यावं लागतं. जाणकार दुरुस्ती वेगळी असते. निखळलेला प्रत्येक दगड मोजायचा, त्याच्यावर क्रमांक टाकायचा, चित्र काढायचं, पाया दुरुस्त करायचा आणि त्याच क्रमानं दगड परत बसवायचे. जिथं मसाला लागेल तिथं चुन्याचा.

चौथा शत्रू गुप्तधनाची हाव. नंदीखाली, लिंगाखाली, गढीच्या बुरुजात सोन्याचा हंडा आहे, या समजुतीनं किती वास्तू रात्री खणल्या गेल्या याची मोजदाद नाही. देवळाच्या पायात हंडा नसतो, भरीचे दगड असतात. ते उपसले की देऊळ बसतं. 1878च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे. तेव्हा सापडलं तरी ते लपवणं हा गुन्हाच ठरतो.

पाराखालचा वीर

देऊळ आणि बारव मोठ्या वास्तू. पण कुठल्याही गावच्या पारापाशी, मारुतीच्या मागे किंवा ओढ्याच्या काठी एखादा उभा, चपटा, कोरलेला दगड बघा. शेंदराची जाड खोळ चढलेली असते. बाया हळद-कुंकू वाहतात, पोरं त्याला टेकून बसतात. कधी तो आडवा पडलेला असतो आणि त्याच्यावर धुणं धुतलं जातं.

ही वीरगळ. तिला खालून वर वाचायचं. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई असते. ढाल-तलवार घेतलेला एक गडी आणि समोर दोन-तीन जण. शेजारी गाई कोरलेल्या असतील तर गावची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला, असं समजायचं. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला हाताला धरून नेत असतात. वरच्या चौकटीत तो हात जोडून शिवलिंगासमोर बसलेला. माथ्यावर सूर्य आणि चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहो. बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. गावासाठी मेलेल्या माणसाचं नाव गावाला माहीत आहेच, असं तेव्हाच्या लोकांना वाटलं असेल. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड दिसला तर ती सतीशिळा.

हा दगड कुणाच्याच यादीत नसतो. तो मंदिर नाही, किल्ला नाही, लेणं नाही. रस्ता रुंद झाला की मुरमाबरोबर तो भरावात जातो. राजांचा इतिहास ताम्रपटांत राहिला आहे. गुराख्याचा आणि पाटलाच्या पोराचा इतिहास या दगडात आहे आणि त्याची दुसरी प्रत नाही.

यादीत येणं म्हणजे काय

स्मारकांची यादी करून कायद्यानं ती राखायची, ही कल्पना इंग्लंडमध्ये 1882 साली आकाराला आली. जॉन लबक हे तिथले खासदार. एव्हबरी गावातली प्राचीन पाषाणवर्तुळाची जमीन घरबांधणीसाठी विकली जाणार हे कळल्यावर त्यांनी 1871 साली ती स्वतःच विकत घेतली. पुढे दशकभर खटपट करून त्यांनी कायदा करवून घेतला. पहिल्या यादीत अवघी 68 स्मारकं होती आणि मालकाची संमती असेल तरच सरकारला हात घालता येत असे. आज एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे 20,000 संरक्षित स्थळं आहेत. त्यांत किल्ले आणि मठ आहेतच. पण तिथल्या खेडेगावांकडे गेलं तर यादीतल्या कितीतरी जागा म्हणजे कुरणातले नुसते उंचवटे असतात. प्राचीन दफनांचे ढिगारे, खंदकाची पुसट रेघ, आणि ओस पडलेली मध्ययुगीन गावं.

यॉर्कशायरमधलं व्हॅरम पर्सी हे असंच एक उठलेलं गाव. तिथं गवताखाली घरांच्या रेषा दिसत होत्या. 1950 ते 1990 अशी चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात अभ्यासक आणि स्वयंसेवक तिथं खणत राहिले. राजवाडा सापडावा म्हणून ते खणत नव्हते. साधा शेतकरी कसा राहायचा, काय खायचा आणि गाव का उठलं, हे त्यांना हवं होतं.

असं उठलेलं गाव आपल्याकडेही आहे आणि त्याला आपला खास शब्द आहे: बेचिराख. महसुली कागदांत गावाचं नाव असतं, शिवार असतं, सर्व्हे नंबर असतात, पण वस्ती नसते. मूळ फारसी शब्द बेचिराग, म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. मराठी कानाला त्यात राख ऐकू आली आणि आपण बेचिराख म्हणू लागलो. ती राखच पांढरीत उरलेली असते. दुष्काळ, साथ, लुटालूट, नदीनं बदललेलं पात्र, कशानं तरी गाव उठलं आणि रानात पांढऱ्या मातीचा एक उंचवटा, एखादा मारुती आणि बुजलेला आड राहिला. इंग्लंडमध्ये अशा उंचवट्याला यादीत जागा मिळते. आपल्या याद्यांत असे मातीचे ढिगारे अगदीच नाहीत असं नाही. नाशिकची मातीची गढी केंद्राच्या संरक्षणाखाली आहे. पण एकूण भर देवळं, लेणी, किल्ले आणि मकबरे यांच्यावर आहे.

आपल्या कायद्याची वाट थोडी वळणाची आहे. लॉर्ड कर्झनच्या काळात 1904 साली ब्रिटिश हिंदुस्थानासाठी स्मारक संरक्षण कायदा झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो इथं लागू नव्हता. हैदराबाद संस्थानानं 1914 साली स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं. गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी त्यांच्याच काळात इटलीहून तज्ज्ञ आणले गेले. संस्थानाचा स्मारक कायदा 1337 फसली सालचा, म्हणजे 1928च्या सुमाराचा. 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मुक्त झाला. 1956 साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला. आज राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं 1958च्या केंद्रीय कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. राज्याची स्मारकं 1960च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत.

वास्तू संरक्षित कशी होते? सरकार आधी तसा इरादा राजपत्रात जाहीर करतं आणि त्याची प्रत वास्तूजवळ लावतं. हरकतीसाठी दोन महिने मिळतात. मग अंतिम अधिसूचना निघते आणि निळा फलक लागतो. केंद्राच्या स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. स्मारकाची नासधूस केली तर 2010च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

एवढं सगळं असूनही यादी राखण करत नाही. 2013 साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी केंद्राच्या 1,655 स्मारकांची जागेवर जाऊन पाहणी केली, तेव्हा 92 स्मारकं सापडलीच नाहीत. पुढे खात्यानं शोधाशोध केली, काही सापडली. तरीही संसदीय समितीसमोर आलेला हिशेब 50 हरवलेल्या स्मारकांचा होता. त्यांपैकी 14 शहरांच्या वाढीत गेली, 12 धरणांच्या पाण्याखाली गेली आणि 24 कुठं आहेत याचा पत्ताच लागेना. 2024 साली 18 स्मारकं यादीतून वगळण्याचा निर्णय झाला. त्यांत हरियाणातल्या मुजेसर गावचा एक कोस मिनार, म्हणजे वाटेवरचं अंतर दाखवणारा जुना मनोरा, होता. कागदावर तो राष्ट्रीय महत्त्वाचा होता, जमिनीवर नव्हताच. देशभरातली केंद्र संरक्षित स्मारकं सुमारे 3,700. तेवढ्यांचीच ही गत असेल, तर कुठल्याच यादीत नसलेल्या लाखभर वीरगळांनी, बारवांनी आणि पांढरींनी कुणाकडे बघायचं?

गावाची वही

त्यांनी गावाकडेच बघायचं आहे, आणि गावाला हे काम नवं नाही. ज्वारी हुरड्यात आली की शेतकरी माळ्यावर गोफण घेऊन बसतो. त्याला आपण राखण म्हणतो. राखणीला हुद्दा लागत नाही, नजर लागते. राज्यघटनेच्या 51-क कलमानं वारशाचं मोल जाणणं आणि तो जतन करणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहून ठेवलं, तेही एका अर्थानं हेच.

सुरुवात शंभर पानी वहीनं होते. एका पानावर एक जागा. लोक तिला काय म्हणतात ते नाव, तिचा सर्व्हे नंबर, लांबी-रुंदी, चारही बाजूंचे फोटो आणि म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली हकिगत. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना हे काम उत्तम जमतं. वीरगळीच्या तीन चौकटी एकदा दाखवल्या की दुसऱ्या गावची वीरगळ ती आपण होऊन वाचतात. वही पूर्ण झाली की ती ग्रामसभेपुढे ठेवायची आणि तिची एक प्रत पुरातत्त्व खात्याच्या विभागीय कार्यालयाला पाठवायची. गायरानातल्या मुरमाचा लिलाव निघाला किंवा रस्त्याचं काम आलं, तर गावाला कागद पुढे करता येतो. नोंद नसलेली वस्तू गेली तर ती होती हेच सिद्ध करता येत नाही.

नोंदीबरोबर चार-पाच साध्या शिस्ती पाळाव्या लागतात. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आत देवळावरची आणि बारवेतली पिंपळाची रोपं उपटायची. पडलेला कोरीव दगड आहे तिथंच सावलीत उभा करायचा, घरी न्यायचा नाही. नाणं किंवा मूर्ती सापडली तर ती धुवायची नाही, घासायची नाही, जागा लिहून ठेवून तहसीलला कळवायचं. मूर्ती कुठल्या थरात होती हे कळलं तरच ती बोलते. जागेवरून उचललेली मूर्ती मुकी होते. रंग, सिमेंट आणि टाइल्स आणण्याआधी खात्याच्या माणसाला विचारायचं. देऊळ यादीत नसलं तरी विचारायला हरकत नाही. आणि पांढरीतून माती नेणं थांबवायचं. माळवदं गेली, त्यांच्या जागी पत्रे आणि स्लॅब आले. आता घराला त्या मातीची गरज उरलेली नाही.

राज्य संरक्षित स्मारकाचं पालकत्व घ्यायची सोय सरकारच्या ‘महाराष्ट्र वैभव’ योजनेत आहे. संस्थांनी ती जरूर घ्यावी. पण सेलूजवळच्या एखाद्या खेड्यातली वीरगळ अशा योजनेची वाट पाहत बसली, तर तोवर तिच्यावरचा गडी, गाई आणि सूर्य-चंद्र झिजून गेलेले असतील. तिला आज लागणारी गोष्ट एवढीच की धुण्याचा दगड म्हणून पडलेल्या त्या शिळेला चौघांनी मिळून उचलावं, पाराला टेकवून उभं करावं आणि वहीच्या पहिल्या पानावर तिची नोंद करावी.

पुढच्या पावसाच्या पहिल्या सरीनंतर गावच्या पांढरीवर जा. पायाखाली खापरं उघडी पडलेली असतील. एक उचला, कडेवर बोट फिरवा. आतून काळं असेल, बाहेरून तांबडं. ज्या बाईनं हे भांडं वापरलं, ती याच उंचवट्यावर राहत होती आणि तिच्या चुलीची राख तुमच्या पायाखाली आहे. खापर नीट बघून घ्या आणि जिथून उचललं तिथंच परत ठेवा.